गप्प राहण्याचा हक्क

शामकांत रेगे एकोणीस वर्षं जहाजांवर चीफ इंजिनियर होते, आणि इंजिनरूममध्ये त्यांचं एक वाक्य कायद्यासारखं चालायचं. "तू कर, मी बघून घेतो." एवढं ऐकलं की हाताखालची माणसं निर्धास्त व्हायची. प्रत्यक्ष बघून घ्यायची वेळ सहसा येत नसे, त्यामुळे म्हणायलाही ते सोपं होतं.

ती वेळ आली २०१४ साली, आणि तेव्हा रेगे जहाजावर नव्हतेच. त्याच कंपनीच्या सिंगापूरमधल्या, तांजोंग पगारच्या ऑफिसात सुपरिंटेंडंट होऊन त्यांना तीन महिने झाले होते. सेम्बावांगला फ्लॅट घेतला होता, बायको कुमुद पुण्याहून कायमची आली होती, तिथे राहून नोकरी करायचा नवा पास हातात होता. अशात त्यांचं जुनं जहाज अमेरिकेच्या एका बंदरात लागलं. तपासणीला कोस्ट गार्डची माणसं चढली आणि त्यांना इंजिनरूमच्या पत्र्यांखाली एक पाइप सापडला.

त्या पाइपची गोष्ट साधी आहे. इंजिनरूमच्या तळाशी तेलकट पाणी साठतं. ते यंत्रातून गाळून, तेल वेगळं करूनच समुद्रात सोडायचं आणि तशी नोंद वहीत करायची, असा कायदा. रेग्यांच्या शेवटच्या सफरीत ते यंत्र बिघडलेलं, सुटा भाग येत नव्हता आणि टाकी काठोकाठ भरलेली. त्याच आठवड्यात रेग्यांची पाठ धरली होती. ते केबिनमध्ये आडवे. सेकंड इंजिनियर प्रसन्न पाटणकर विचारायला वर आला.

"पाइप जोड आणि सरळ बाहेर सोड," रेगे म्हणाले. "वहीत नेहमीसारखं लिही. मी बघून घेतो."

प्रसन्नने पाइप जोडला, वहीत लिहिलं, खाली सही केली. वर अकरा दिवस स्वतःची आणि चीफची अशी दोघांची कामं ओढली. रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन केबिनमध्ये यायचा. रेगे सिंगापूरला उतरले, त्यानंतर पुढच्याच बंदरातून त्याने त्यांच्यासाठी पाठीचा एक चांगला पट्टा पाठवला. तो पट्टा रेगे अजून रोज बांधत होते.

अमेरिकेत अधिकाऱ्यांनी प्रसन्नला समोर बसवलं. तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील हवा असेल तर मिळेल, हे आधी नीट सांगितलं. पण प्रसन्नच्या डोक्यात भलतंच. वकील मागितला म्हणजे आपण चोर ठरलो! चीफचं नाव घ्यायचं नाही, एवढंच धरून तो भाबडा माणूस दोन तास बोलत राहिला. यंत्र उत्तम चालतं, वही खरी आहे, पाइपचं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं उघडं पडलं. खोटी वही आणि खोटा जबाब, दोन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर लागले. पासपोर्ट कोर्टात जमा झाला. तो एका लॉजमध्ये अडकून पडला आणि अलिबागला त्याची बायको मीनल फोनकडे डोळे लावून बसली.

मे महिन्यात त्याची वकील, मिस हॉलोवे, सिंगापूरला आली. सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, ती रेग्यांना भेटली. साधी, पन्नाशीची बाई. पायांत चालायचे बूट.

"तुम्हाला पगार कोण देतं?" रेग्यांनी आधी हेच विचारलं.

"सरकार."

"आणि खटला कोणी भरलाय?"

"सरकारनेच."

रेगे मनात म्हणाले, हात्तिच्या! म्हणजे ही त्यांच्यातलीच. बाईंना अशा चेहऱ्यांची सवय असावी. त्या शांतपणे सांगू लागल्या. ज्याला वकील परवडत नाही त्याला तो सरकारने द्यायचा, आणि त्या वकिलाने सरकारशीच भांडायचं, अशी तिथली रीत आहे. प्रसन्नने काहीही सिद्ध करायचं नाही. सिद्ध करायचंय ते सरकारने, आणि पटायला हवं ज्युरीतल्या बाराच्या बारा माणसांना.

"सरकार म्हणतंय, हे सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं. हुकूम होता म्हणून तो सुटेल, असं मी म्हणत नाही. पण हुकूम कोणी दिला हे त्या बारा जणांना कळलं, तर ते त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. अमेरिकेचं समन्स इथे चालत नाही, मिस्टर रेगे. मी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. फक्त मागू शकते."

रेगे कॉफी ढवळत राहिले.

"आणखी एक सांगायला हवं," बाई म्हणाल्या. "मी त्याची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्धही वापरलं जाऊ शकतं. आधी स्वतःच्या वकिलाला विचारा."

रेगे चाट पडले. इतक्या लांबून आलेली बाई स्वतःच्याच कामात खोडा घालत होती! त्या सचोटीने ते हलले आणि म्हणाले, "मी बोलेन. सगळं सांगेन." तेव्हा ते मनापासून म्हणाले होते, यात शंका नाही.

कुमुदला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोराने तुमची सेवा केली. आता तुमची पाळी." आणि तिने लगेच मीनलला फोन लावून धीर दिला.

ही बातमी ऑफिसात पोचायला दोन दिवस लागले. कुणी धमकी दिली नाही. असल्या ऑफिसांत कुणी आवाजही चढवत नाही. कंपनीने रेग्यांसाठी वकील करून ठेवला होता, मिस्टर कोह. कोहसाहेबांनी मृदू आवाजात समजावलं. अमेरिकेच्या राज्यघटनेने जो हक्क त्या मुलाला दिला, तोच तुम्हालाही आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला तुम्हाला कुणी लावू शकत नाही. मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होतं. वकिलाच्या सल्ल्यावरून मी उत्तर देण्यास नकार देतो.

"प्रत्येक प्रश्नाला हेच वाचायचं," कोह म्हणाले.

नोकरी गेली की पास जातो, पास गेला की फ्लॅट आणि सगळंच, हे त्यांनी सांगितलं नाही. रेग्यांना ते ठाऊक होतं. कुमुदपाशी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. भ्याले ते, दुसरं काय!

साक्ष तांजोंग पगारच्याच एका इमारतीत, विसाव्या मजल्यावर होती, सकाळी आठला. टेबलाभोवती अमेरिकेचा सरकारी वकील, मिस हॉलोवे, कोह आणि शब्दन् शब्द टाइप करणारी एक मुलगी. भिंतीवर मोठा पडदा. आरोपीला साक्षीदार समोर दिसलाच पाहिजे, असाही तिथे हक्क आहे म्हणे. म्हणून पडद्यावर प्रसन्न होता. तिकडे संध्याकाळ होती. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गालफडं बसली होती, पण रेग्यांना पाहताच तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि हात जोडून हसला. तो खूश होता. सर आले होते.

मिस हॉलोवेंनी विचारलं, पाइप जोडायला कोणी सांगितलं? रेग्यांनी कागद वाचला. वहीत काय लिहायचं हे कोणी सांगितलं? कागद. त्या दिवसांत तुम्ही आजारी होता का? कागद. पाचव्या प्रश्नापर्यंत प्रसन्नच्या चेहऱ्यावर हसू होतं. बहुधा ही इथली पद्धत असेल, खरं नंतर येईल, असं त्याला वाटलं असावं. बाराव्याला ते मावळलं.

बाईंनी आपला प्रश्नांचा कागद उलटा ठेवला. "मिस्टर रेगे, पडद्यावरच्या या माणसाला तुम्ही ओळखता?"

रेग्यांनी कोहकडे पाहिलं. कोहने कागदावर बोट ठेवलं. रेग्यांनी वाचलं.

मग पडद्यावरून आवाज आला, मराठीत. "सर, पाठ कशी आहे आता? पट्टा बांधता ना?"

टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. तिने इकडेतिकडे पाहिलं. "तो काय म्हणाला? रेकॉर्डसाठी कुणी सांगेल का?"

खोलीत मराठी कळणारा माणूस एकच होता. पट्टा शर्टाखाली कमरेला आवळलेला होता. रेग्यांनी तोंड उघडलं. कोह हळूच म्हणाले, "याचंही उत्तर द्यायची सक्ती नाही." रेग्यांनी तोंड मिटलं. मुलीने टाइप केलं की आरोपी परक्या भाषेत बोलला, अर्थ उपलब्ध नाही.

त्या बारा जणांनी प्रसन्नला दोषी ठरवलं ते पुढे सप्टेंबरात. साक्षीच्या दिवशी मात्र रेगे दुपारीच घरी आले. कुमुद दारातच होती.

"दिसला का प्रसन्न?"

"दिसला."

"कसा आहे?"

"वाळलाय."

रोजच्यासारखी ती पट्ट्याचे मागचे बंद सोडायला त्यांच्या पाठीशी गेली. पाठीमुळे त्यांना ते एकट्याने जमत नसे. "मग? सांगितलंत ना सगळं?"

इथे शेजारी कोह नव्हता, हातात कागद नव्हता, आणि विचारणारी बायको होती. रेगे समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"अहो, मी विचारतेय."

कुमुदची बोटं बंदावर थांबली. मग तिने हात काढून घेतला आणि आत जाऊन मीनलला फोन लावला. रेगे बाहेर उभ्या उभ्या मागे हात नेऊन गाठ शोधत होते, आणि ती त्यांना सापडत नव्हती.