निरंक

संजीवनीच्या पत्रात एकच प्रश्न होता. “मामा, अहवालात शेवटच्या रकान्यात तुम्ही निरंक लिहिलं आहे. म्हणजे तपासलं आणि निघालं नाही, की तपासलंच नाही?”

त्या पत्राला पाच वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. फोनवर मी नुसता ‘हं, हं’ करतो हे ठाऊक असल्यामुळे ती मला पत्रंच लिहायची. त्यानंतर तिचं एकही आलं नाही.

काल तिची आई, माझी थोरली बहीण सिंधूताई, साखरखेर्ड्याहून चिखलीला माझ्याकडे आली. लेकीकडे पंधरा दिवस राहून आली होती, त्यामुळे खुशीत होती.

“रामा, तुह्या कागदाले जावईबापूनं काच लावली हाय. बोअरच्या खोलीत टांगला. मले तं वाटलं, अगरबत्ती लावते का काय!”

“कोणता कागद?”

“पाण्याचा! गावात तपासणीवाले आले व्हते. बोअरचं पाणी द्या म्हणे, तिथल्या दगडात काहीबाही असते. कुलदीपरावनं काचेकडं बोट दाखवलं, ‘आमच्या मामांनी पाह्यलं हाय, निरंक हाय.’ गेले बिचारे. आता अर्धी गल्ली त्यायच्याच बोअरचं पाणी नेते.”

तिला वाटलं, मी लाजलो.

मी तीस वर्षं सरकारी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आम्ही तपासायचो. एके वर्षी वरून आलेल्या छापील तक्त्यात खाली नवा रकाना होता: किरणोत्सर्गी घटक. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. रकाना रिकामा ठेवला की अहवाल परत यायचा, म्हणून साहेब म्हणाले, “निरंक लिहीत जा.” कचेरीत निरंकचा अर्थ एवढाच, की आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तोच कागद लोकांच्या घरी गेल्यावर त्याचा अर्थ ‘तपासलं, काही निघालं नाही’ असा होतो. पण आपल्याकडे खाली काळा दगड, त्यात हे फारसं नसतं, अशी समजूत घालून मी लिहीत राहिलो.

संजीवनीला दिलं होतं नांदेडच्या पलीकडे, तेलंगणाच्या सीमेजवळ. मुलगी समता पोटात असताना ती माहेरी आली, तेव्हा नव्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन आली. सोबत बोअर खणताना निघालेली दगडाची एक कपचीही होती. “मामा, आमच्याकडचा दगड पाहा. गुलाबी!”

तो ग्रॅनाईट होता. अशा दगडात युरेनियम थोडंफार असू शकतं, खोलवरच्या पाण्यात ते उतरतं, त्याला रंग नसतो, चव नसते, हे मी वाचलं होतं. पुस्तकातलं पानसुद्धा डोळ्यांपुढे आलं. तरी हाताने निरंक लिहिलं. बाकीचे आकडे चांगले होते. भाची आनंदाने कागद घेऊन गेली.

तीन वर्षांनी तिच्या सासूबाई मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या. मग ते पत्र आलं. त्या पाण्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. नाही झालं, असंही म्हणता येत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.

“ताई,” मी म्हणालो, “ते मी तपासलंच नव्हतं.”

तिला आधी कळलं नाही. मी समजावून सांगितलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

“मंग निरंक काऊन लिहिलं बे?”

सहासष्ट वर्षांत ती मला ‘बे’ म्हणाली नव्हती.

“तशी पद्धत होती.”

“पद्धत! माही समता सात वर्षांची झाली त्या पाण्यावर.”

“त्यात काही असेलच असं नाही, ताई. असेल, नसेल.”

“असेल, नसेल! मंग तसंच लिहाचं व्हतं न तवा.”

तिने तिथूनच जावयाला फोन लावला. “ते पाणी पेऊ नका. उकळूनबी नका पेऊ, रामा म्हणते जात नाही ते.” पलीकडून कुलदीपरावांचं हसणं मला ऐकू आलं. “अहो आई, मामांचा कागद आहे की भिंतीवर!”

ताईने फोन माझ्यापुढे धरला.

“हं,” मी म्हणालो. “कुलदीपराव... हं.”

तिने फोन काढून घेतला. “जावई माह्या सांगण्यानं ऐकत नाही, तुह्यानं बोलणं होत नाही. लिही. त्यायले तुह्या हातचाच कागद पाह्यजे.” आणि न जेवता ती तीनच्या एसटीने परत गेली. मी स्टँडपर्यंत मागे गेलो, पण तिने खिडकीतून पाहिलं नाही.

मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर प्रयोगशाळेच्या अडचणी आल्या, दुसऱ्यावर साहेब आले. दोन्ही फाडले. शेवटी एवढंच राहिलं:

“चि. संजीवनी, तपासलं नव्हतं. यंत्र नव्हतं, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तू विचारलंस, तेव्हा सांगायची लाज वाटली. तो कागद भिंतीवरून काढा. हे पत्र कुलदीपरावांना दाखव, पाणी नेणाऱ्यांनाही वाचून दाखव. तपासणीवाल्यांना बोलावून पाणी द्या. निकाल येईपर्यंत कोणीही पिऊ नका. मामा.”

आज पोस्ट उघडायच्या आधीच मी जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, उचललं. डिंक नीट लागला नव्हता, ती कड तिने अंगठ्याने दाबली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

“झालं, काका.”

मी तरी तिथेच उभा होतो. मागचा माणूस म्हणाला, “सरका न बाबा,” तेव्हा बाजूला झालो.