चौघांचा तंबू

सत्यजितनं चौघांचा तंबू घ्यावा म्हणून मी त्या दुकानात देव पाण्यात घालून उभी होते.

सत्यजित माझा मुलगा. होळीनंतर त्याची बायको यामिनी दोन्ही मुलांना घेऊन दूर पार्सिपनी गावी बहिणीकडे गेली, ती गेलीच. भांडण कशावरून झालं, मला कुणी सांगितलं नाही. या घरात मिठाचा डबा कुठे ठेवायचा तेही मला विचारतात, आणि घर मोडलं ते मात्र गॅरेजचं दार वाजलं तेव्हा मला कळलं. जाताना यामिनी माझ्या पाया पडली. त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हापासून इथे टेक्ससमध्ये, प्लेनोतल्या एवढ्या मोठ्या घरात आम्ही मायलेक परातीतल्या दोन वाटाण्यांसारखे घरंगळतोय.

पूर्वी दर ऑक्टोबरात ही चौघं कोलोरॅडोच्या डोंगरात शिकारीला जायची. एल्क नावाचं जनावर असतं, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. गाडी थांबते तिथून पुढे अर्धा दिवस पायी, सगळं बिऱ्हाड पाठीवर. आमच्या सात पिढ्यांत कुणी उंदीर मारला नव्हता. तरी मी बोलले नाही, कारण तिथून आली की चौघं महिनाभर एकमेकांशी गोड असायची. यामिनीची तक्रार एकच. "आई, तो तंबू फार जड आहे हो. पाठ मोडते माझी."

म्हणून परवा शनिवारी सत्या म्हणाला, "आई, चल, हलका तंबू घ्यायचाय," तेव्हा माझ्या जिवाला पालवी फुटली. हलका? कुणासाठी हलका? मी विचारलं नाही. विचारलं की हा मुलगा कासवासारखी मान आत घेतो.

दुकान हायवेलगत होतं. विकणारा दाढीवाला म्हातारा स्वतःच अस्वलासारखा होता. त्यानं आधी एकट्याचा तंबू दाखवला, म्हणजे दोन काठ्यांवर ताणलेलं नुसतं कापड.

"हे तर वाळत घातलेलं धोतर आहे," मी म्हटलं.

"आई, हळू."

"त्याला मराठी येतं का?"

मग दोघांचा, मग चौघांचा. मधे एकच खांब, वर निमुळतं, एका बाजूला धुरांड्यासाठी भोक आणि खाली जमीनच नाही.

"हा माणूस घर विकतो की छत्री?"

"खालचं कापड नसलं की वजन कमी होतं, आई. आणि आत शेगडी पेटवता येते."

सत्या दोघांच्या आणि चौघांच्या मधे घुटमळत राहिला. हा उचल, तो उचल. म्हातारा इंग्रजीत काय काय समजावत होता, त्यातलं टू आणि फोर एवढंच मला कळत होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. शेवटी सत्यानं चौघांचा काखेत मारला.

तो रांगेत गेला आणि मी बुटांच्या फळीआड उभी राहून यामिनीला फोन लावला.

"चौघांचा घेतलाय त्यानं. आणि हलका! एका हातानं उचलला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतंय ना? की तिकडे जाऊन कानही गेले?"

"चौघांचा?" ती म्हणाली. "तो म्हणाला तसं?"

"म्हणायला कशाला हवं? चौघं कोण? मी चढणार आहे का डोंगर?"

एवढ्यात माझ्या नातीनं, नैनानं, फोन ओढून घेतला. "आजी, रिअली? बाबा वॉन्ट्स अस टू कम? वीर! वीर, कम हिअर!" धाकट्याच्या धावण्याचा आवाज मला इथे टेक्ससमध्ये ऐकू आला.

गाडीत बसल्यावर मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "यामिनीची पाठ वाचली आता."

"यामिनीचा काय संबंध?"

"चौघांचा घेतलास ना?"

त्यानं किल्लीवरचा हात काढला. "आई, चौघांचा म्हणजे चार जण खेटून, कूससुद्धा न बदलता झोपले तर. बंदुका, सॅक, ओले बूट, शेगडी आत घेतली की तो दोघांचाच. मी आणि नंदू चाललोय." नंदू त्याच्या ऑफिसातला.

मला पटकन समजेचना. आमच्याकडे शंभर पानांचा स्वयंपाक सांगितला की सव्वाशे जेवून उठतात. माणसांचा आकडा वाढतो. तो असा घटतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मग आठांचा घे," मी म्हटलं. "चौघांचा दोघांना पुरतो, तर आठांचा चौघांना पुरेल. चल परत. इथे सगळं बदलून देतात."

तो हसला नाही. "मिळतो, आई. पण तो वाहायला चार पाठी लागतात. कापड एकाकडे, खांब एकाकडे, शेगडी एकाकडे, खुंट्या वीरकडे. मी एकटा कसा नेऊ?"

"तिला विचार की! तोंड नाही का तुला?"

"मे महिन्यात विचारलं. नको म्हणाली. पुन्हा विचारू नकोस, असंही म्हणाली."

मग मला सांगावंच लागलं. "मी फोन केला होता तिला. आत्ता. मुलांनीही ऐकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं. तेवढ्यात त्याचा फोन गाडीत मोठ्यानं वाजला.

"बाबा! माय बूट्स आर टू स्मॉल. न्यू घेऊ ना?" नैना एरवी त्याच्याशी मराठीतला एक शब्द बोलत नाही.

"नैना... आजीला नीट कळलं नाही, बेटा. या वर्षी मी आणि नंदूकाकाच जातोय."

"ओह... नो, इट्स फाइन. हॅव फन, बाबा." मागे वीर काहीतरी विचारत होता. त्याला ती म्हणाली, "नथिंग."

संध्याकाळी सत्या मागच्या गवतावर तंबू उभारून बघत होता. माझा फोन वाजला. यामिनी होती.

"आई, परत असा फोन करू नका."

"पोरांना वाईट वाटलं असेल गं. मी—"

"पोरांचं मी बघीन," ती म्हणाली. "मी थंडीचे कपडे बाहेर काढले होते. माझेसुद्धा."

"अगं, मग ये ना! मी आत्ता त्याला—"

"नाही. त्यानं बोलावलंच नव्हतं आणि मी कपडे काढत बसले. हे त्याला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

मी कुणाच्या शपथेला भीक घालणारी नाही. पण तिनं माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं, आणि मागून मागितलं ते हे.

"कुणाचा फोन?" सत्यानं तंबूतून विचारलं.

"माझाच," मी म्हटलं. "खांब वाकडा लावलायस. सरळ कर."