बंद टपरीचा फोटो

"सर, डोंगर फुटलाच तर आधी कोण पळणार, तुम्ही की आम्ही?"

माझ्या वर्गातल्या एकताची पैज होती, विचारूनच दाखव! मग काय, उभी राहिले आणि विचारलं. गेल्या वर्षीची जान्हवी बाकाखाली शिरली असती. पण आता मी हायकिंग क्लबची लीडर आहे. शाळेचा अख्खा हॉल हसला. सहलीची माहिती द्यायला आलेले टूर कंपनीचे मिस्टर कोह सगळ्यात जोरात हसले, आणि नेहमीचं सिंगापुरी 'लाह' जोडून म्हणाले, "डोन्ट वरी लाह! तो डोंगर टुरिस्टांसाठीच धूर सोडतो."

जूनच्या सुट्टीत आम्ही सुमात्रातल्या एका ज्वालामुखीवर चढणार होतो. सिंगापुरात डोंगर कुठून आणायचा? म्हणून तोआ पायोह भागातल्या आमच्या उंच इमारतीचे जिने चढायचो, पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाची पिशवी. वरपर्यंत चढायचं, लिफ्टने खाली, पुन्हा वर. पाय इतके टणक झाले की मला वाटायला लागलं, डोंगर म्हणजे काय, एक लांबलचक जिनाच!

मिस्टर कोह फोटो दाखवायला लागले. जानेवारीतल्या ग्रुपच्या मागे चहाची टपरी होती. लाल छत्री, एक बाई, तिच्या कडेवर बाळ, मागे हिरवीगार झाडं. मार्चमध्ये टपरी तीच, पण झाडं तपकिरी. बाई होती, बाळ नव्हतं.

मग गेल्या आठवड्यातला फोटो. टपरीला फळ्या ठोकलेल्या. छत्री नाही, माणूस नाही, एक कोंबडीसुद्धा नाही. पुढे ग्रुप अंगठे दाखवत हसतोय.

माझा हात आपोआप वर गेला. "सर, चहावाली बाई कुठे गेली?"

"सुट्टीवर असेल."

"एवढं गिऱ्हाईक दारात असताना?"

या वेळी कुणी हसलं नाही. मिस्टर कोहसुद्धा नाही. त्यांनी पटकन पुढचा फोटो लावला.

"पुरे गं! पैज एकाच प्रश्नाची होती," एकता कुजबुजली. बाहेर पडल्यावर तर सगळ्यांसमोर ओरडली, "लीडरबाई घाबरल्या लाह!"

घरी आले तर बाबा रॅफल्स प्लेसचं ऑफिस सुटल्यावर थेट लिटिल इंडियाच्या बाजारात जाऊन आलेले. टेबलावर नवे कोरे हायकिंग बूट. "घालून बघ. आईला शेवटी मी पटवलं!"

आई शंकरपाळ्यांचा डबा भरत होती. "पटवलं कसलं! महिनाभर डोकं खाल्लं हिने. वर थंडी असते म्हणे, स्वेटर घे हं."

बूट घातले. अगदी मापाचे. डोळ्यांसमोर मात्र त्या ठोकलेल्या फळ्या, आणि पुढच्या फोटोत त्यांच्यापुढे अंगठा वर करून हसणारी एकता.

"काय गं, चावतात का?" बाबांनी विचारलं.

मी लेस सोडल्या आणि बूट परत खोक्यात ठेवले.

"आई, बाबा, मी जाणार नाही. त्या डोंगराखाली राहणारी माणसंच घरदार सोडून पळालीत. आणि उद्या असेंब्लीत सगळ्यांसमोर सांगणार आहे, कुणीच जायचं नाही. हसू देत हसतील तेवढं."