मांजरासाठी केलेली जागा

धाकटीचं बूड एका जागी टेकलंय असं कुणी कधी पाहिलेलं नाही. लहानपणापासून घरात तिला ‘चुळबुळी’च म्हणत. आणि अशा बाईने पोटापाण्यासाठी काम निवडलं ते कवळ्या बनवण्याचं, ज्यात निम्मा वेळ नुसती वाट बघायची असते. प्लास्टर ओतलं की घट्ट होईपर्यंत थांबा. मेण वितळवलं की गार होईपर्यंत थांबा. घाई केली की कुणाच्या तरी हिरडीला टोचतं. बिचारीचे हात नुसते शिवशिवत राहायचे. त्यावर तिला एक तोडगा सापडला होता, फोनमधला गेम.

गेम फुकटचा होता, म्हणजे पैशांऐवजी जीव खाणारा. त्यात आपलं एक घर असतं आणि घरात आपणच बनवलेली माणसं. त्यांना भूक लागते, झोप येते, कंटाळा आला की ती पाय आपटतात. त्यांचा स्वयंपाक व्हायलाही वेळ लागतो, आणि तो वाचवायचा तर जाहिरात बघावी लागते. धाकटीला सगळ्या जाहिराती तोंडपाठ होत्या. हा नाद तिला लावला होता तिच्या थोरल्या बहिणीने. ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, भेटी व्हायच्या नाहीत, म्हणून दोघी गेममध्ये शेजारणी झाल्या होत्या. रोज एकमेकींच्या झाडांना पाणी घालायच्या आणि एकमेकींच्या पडद्यांना नावं ठेवायच्या.

खरी आई बरीच वर्षं ताईकडेच होती. गेममधली आई मात्र धाकटीकडे होती. घर मिळाल्यावर सगळ्यात आधी तिने आईच बनवली होती: पांढरे केस, जाड चष्मा, जराशी पुढे झुकलेली. ती बघून ताईने लिहिलं होतं, ‘अगदी हुबेहूब. निदान इथे तरी तू सांभाळ.’ धाकटीने त्यावर हसरा चेहरा पाठवून दिला होता.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी ताईने फोन करून विचारलं होतं, आईला काही दिवस नेशील का? धाकटी म्हणाली होती, “अगं, आमच्या दोन खोल्या. तिची आबाळ होईल.” ताई नुसतं “बरं” म्हणाली. ताईचं ‘बरं’ बरं नसतं हे धाकटीला जन्मापासून ठाऊक, पण तिने कानाडोळा केला.

आणि मग ते मांजर आलं.

समोर प्लास्टर घट्ट होत होतं, हातात फोन होता. गेमने विचारलं, मांजर पाळायचं का? नारिंगी, गुबगुबीत, शेपूट हलवणारं पिल्लू. धाकटीने लगेच ‘हो’ दाबलं. गेम म्हणाला, घर भरलंय, कुणा एकाला शेजारी पाठवा. खाली घरातल्या माणसांची नावं. तेवढ्यात मास्तरांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, आतून हाक मारली, “चुळबुळे, साचा सोडव! दगड झाल्यावर सोडवणार आहेस का?” तिने घाईघाईत वरच्याच नावावर बोट टेकवलं आणि पळाली. वरचं नाव आईचं होतं.

परत येऊन बघते तर आईच्या खुर्चीत मांजर पसरलेलं. आई ताईच्या फाटकाबाहेर, हातात पिशवी घेऊन उभी. शेजारीण आत घेईपर्यंत पाहुण्याने बाहेरच थांबायचं, असा गेमचा नियम. डोक्यावर रिकाम्या ताटाचं चित्र लुकलुकत होतं. आता ती धाकटीच्या घरची नसल्याने धाकटीला तिला जेवायलाही घालता येईना. मांजराला काढावं, तर पिल्लू मोठं होईपर्यंत ते काढता येत नव्हतं. त्याला मोठं करायला धाकटीने जाहिरातींमागून जाहिराती बघितल्या. मांजर तेवढंच राहिलं.

तिने ताईला लिहिलं, ‘चुकून गेली गं, आत घे ना.’ ताईने वाचलं आणि उत्तर दिलं नाही. रोज पाणी घालणारी ताई त्या दिवशी झाडांकडे फिरकलीही नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीचं कशात म्हणून लक्ष लागेना. दात मेणात बसवायचे आणि फोन बघायचा, पॉलिश करायचं आणि फोन बघायचा. म्हातारी उभीच. खेळण्यातली बाहुली ती, तिला कसलं ऊन आणि कसली भूक, असं स्वतःला बजावून झालं. आणि लगेच पुन्हा फोन बघून झाला.

मास्तरांनी तिने बसवलेले दात उजेडात धरले आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“डावा सुळा उजवीकडे बसवलायस. हा माणूस हसला तर समोरचा रडेल.”

“करते नीट, मास्तर.”

“आधी तू नीट हो. काय चाललंय तुझं?”

ती बाहेर जिन्यात गेली आणि तिने सरळ ताईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर ताईने उचलला.

“मांजर छान आहे हं,” ताई म्हणाली.

“ताई, अगं घाईत बोट लागलं. शपथ.”

“तुझं सगळं घाईतच होतं. नाही म्हणालीस तेही घाईतच.”

“गेमवरून कसलं भांडतेस?”

“गेमवरून नाही भांडत मी. आई धड जेवत नाहीये. कवळी टोचते तिला, तू केलेली. तुला सांगू नको म्हणते, तिला कामं असतात म्हणे. आणि काल माझ्या हातातून फोन घेऊन बघत बसली होती. फाटकाबाहेर उभी असलेली स्वतःलाच.”

धाकटीचे पाय पहिल्यांदाच जागच्या जागी थिजले. लोकांच्या कवळ्या ती चार-चारदा घासून द्यायची, आणि आईने एकदा “जराशी लागते गं” म्हटल्यावर “सवय होईल” म्हणून मोकळी झाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

आत येऊन तिने सुट्टी मागितली. “जा बाई,” मास्तर म्हणाले, “नाहीतर उद्या कुणाच्या तोंडात माझी दाढ बसवशील.” तिने बारीक कानस पर्समध्ये टाकली आणि निघाली. बस सिग्नलला थांबली की ही आतल्या आत धावायची. वाटेत तिने नवऱ्याला फोन केला आणि विचारलं, आईला आपल्याकडे आणलं तर? तो म्हणाला, “आण की. कपाट जरा सरकवावं लागेल.” एवढंच. इतके दिवस तिने त्याला विचारलंच नव्हतं. दोन खोल्यांची सबब तिची एकटीची होती.

ताईने दार उघडलं आणि बाजूला झाली. दाराशीच भिंतीला टेकून एक पिशवी ठेवलेली होती, चेन नीट लावलेली. शेजारी स्टुलावर आई बसली होती, बाहेर जायच्या कपड्यांत, केस विंचरून, मांडीवर चष्म्याचं घर घेऊन.

“ही पिशवी तू भरलीस?” धाकटीने ताईकडे बघितलं.

“मी कशाला भरू?” ताई म्हणाली. “तिनंच भरली. तुझा फोन झाल्यापासून इथं बसलीये. आत चल म्हटलं तरी ऐकत नाही.”

आईने धाकटीकडे पाहिलं, मग ताईकडे. रागावलेली अजिबात नव्हती. बस कुठून सुटते हे विचारावं तशी म्हणाली, “कुठं जायचं ते ठरलं का तुमचं? म्हणजे मी तशी उठते.”

ताई मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. धाकटीला रडूही येईना. तिने आईसमोर बैठक मारली, कवळी मागून घेतली, कुठे लागते ते विचारलं आणि खिडकीच्या उजेडात ती कड घासू लागली. घासायची, बोट फिरवून बघायची, आईला लावून बघायला सांगायची, पुन्हा घासायची. एकदाही उठली नाही, एकदाही फोन बघितला नाही. शेवटी आईने दातांवर दात दाबून पाहिले आणि मान हलवली.

“माझ्याकडे जायचंय, आई,” धाकटी म्हणाली. “आजच.”

“आणि ते मांजर?” आईने विचारलं.

“अगं, ते खरं कुठंय? ते फोनमधलं मांजर.”

“मीही फोनमधलीच होते ना,” आई म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली. मग तिने पिशवी उचलली, तर ती इतकी हलकी होती की तिचा हात उगाच वर गेला. ताईने डोळे पुसले आणि आईच्या चपला पुढे सरकवल्या.