कणगीतली कोंबडी

मुलीची, एस्तेरची, सोयरीक जमली त्या वर्षी, म्हणजे २०२१ च्या फेब्रुवारीत, धनीबाईने नवापूरच्या दुकानाच्या फळीवर अंड्यांची टोपली ठेवली आणि दुकानदार भाग्येशने ती लाकडी पट्टीने तिच्याकडे परत सारली. टोपलीला त्याने हात लावला नाही.

"मावशी, उचल ती आठेन. आज अंडा लेत नही मी."

"मागच्या बाजाराला तर घेतलीस."

"तवय वेगळं व्हतं. आते तुम्हना गावना पोल्ट्रीमा रोग येल शे. तुन्हा अंडा मन्हा दुकानमा कोनी देखात, तर दुकानले सील लागी जाई."

भाग्येशच्या बापाच्या वेळेपासून धनीबाई या दुकानात अंडी द्यायची आणि मीठ, तेल, चहापत्ती घेऊन जायची. नवरा बुध्या जिवंत होता तेव्हाही आणि तो गेल्यावरही. मिठासाठी तिने घरच्या पुरुषापुढे कधी हात पसरला नव्हता. कोंबड्या तिच्या, अंडी तिची, म्हणून चुलीवरचं मीठही तिचं.

तिच्या मागे दोन-चार बाया होत्या. पोल्ट्रीचं नाव ऐकताच त्या सरकल्या. दुकानासमोर पहिल्या टाळेबंदीत चुन्याची वर्तुळं आखली होती, ती अजून अंधुक दिसत होती. वर्षभरात त्यांत कोणी नीट उभं राहिलं नव्हतं. आज त्या बाया जाऊन बरोबर वर्तुळात उभ्या राहिल्या.

"माणसांना रोग आला तेव्हा आमची तोंडं बांधलीस," धनीबाई म्हणाली. "आता अंड्यांची पण तोंडं बांधून आणू का?"

वर्तुळातली एक बाई हसली. भाग्येश हसला नाही. त्याने खाली वाकून मिठाची पिशवी काढली आणि पट्टीनेच पुढे ढकलली.

"मीठ लई जाय. पैसा पुढला बाजारले दे."

"मी मागायला आले का तुझ्याकडे?"

तिने टोपली डोक्यावर घेतली. पिशवी फळीवरच राहिली. नवापूर मागे पडेपर्यंत ती भराभर चालली. टेकडीच्या चढावर तिला दम लागला, पण ती बसली नाही. बसली असती तर रडू आलं असतं, आणि भाग्येशसारख्याच्या नावाने रडायची तिची तयारी नव्हती.

संध्याकाळी तिने टोपलीतली सगळी अंडी रांधली. घरातलं मीठ संपलं होतं, म्हणून रस्सा अळणी झाला. एस्तेरने भाकरी थापल्या. मोठा मुलगा दानियल हातपाय धुऊन आत आला, पातेल्यात त्याने पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला. गावाशेजारच्या पोल्ट्रीत तो सहा वर्षं अंडी गोळा करायच्या कामावर होता. चार दिवसांपूर्वी तिथल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या होत्या आणि काम बंद झालं होतं.

"हे खायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"सांगितलंय ना सगळ्यांना. गावातली अंडी, कोंबडी काही खायचं नाही."

"कोणी सांगितलं? ह्याच अंड्यांवर तू वाढलास. तेव्हा तुला कोणी सांगायला आलं नाही."

"आई, तू शेड पाहिलं नाहीस. सकाळी दाणे टाकले तेव्हा उभ्या होत्या. दुपारी गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. तुरे काळेनिळे पडलेले. मी हातांनी उचलल्या."

"त्या पोल्ट्रीच्या. पिंजऱ्यातल्या. माझ्या कोंबड्यांना साधी सर्दी पण नाही."

दानियलने पातेलं कडीने उचललं. धनीबाईला वाटलं तो बाजूला ठेवतोय. तो बाहेर गेला, उकिरड्याजवळ त्याने खड्डा केला, रस्सा त्यात ओतला आणि वर माती लोटली. रिकामं पातेलं त्याने राखेने घासून आणून चुलीपाशी ठेवलं.

धनीबाईने ताट पुढे ओढलं. तिने कोरडी भाकरी मोडली. दानियलने नेहमीसारखी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. शेवटी एस्तेर एकटीच आमेन म्हणाली.

"उद्यापासून मला काम मिळालंय," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"कसलं?" एस्तेरने विचारलं.

"उचलाउचलीचं. रोजंदारीवर."

दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली गाडी गावात फिरली. पोल्ट्रीच्या आसपासच्या गावांतल्या घरगुती कोंबड्याही मारायच्या होत्या. कोणी लपवू नये, विकू नये, खाऊ नये. भरपाई मिळेल. धनीबाईने ते अंगणात उभं राहून ऐकलं आणि आत जाऊन कणगीचं झाकण काढलं.

तिची एक तांबडी कोंबडी खुडूक होती, अंड्यांवर बसलेली. खुडूक कोंबडी जागची हलत नाही, ओरडत नाही, दाणे टाकले तरी उठायचा कंटाळा करते. घरात दोन कणग्या होत्या. एक भाताची, भरलेली. दुसरीत तळाला थोडी नागली उरली होती. धनीबाईने त्या नागलीवर गवत पसरलं, कोंबडीला अंड्यांसकट उचलून आत ठेवलं, वर सूप झाकलं आणि सुपावर गोधडी टाकली.

"आई, दादाला कळलं तर?" एस्तेर म्हणाली.

"त्याला कशाला कळेल? तो गेलाय उचलाउचली करायला."

"आणि खरंच रोग असला तर?"

"तर पिलं निघणार नाहीत. निघाली तर रोग नाही. एवढं सोपं आहे. त्याला गाड्या कशाला लागतात?"

गाड्या दुपारी आल्या. आधी डॉक्टर उतरला, मग पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं. तोंडावर मास्क, डोळ्यांवर मोठे चष्मे, हातात रबरी मोजे. कोण कुठला, म्हातारा की तरणा, काही कळत नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या मोतीबाईची सून तापाने फणफणत होती तेव्हा एक गाडी यावी म्हणून गावाने दिवसभर रस्त्याकडे पाहिलं होतं. धनीबाईने हे डॉक्टरला ऐकवलं.

"माणसाला एक गाडी मिळाली नाही. कोंबड्यांना तीन."

"मावशी, तुमच्याच भल्यासाठी आहे हे," मास्कच्या आतून डॉक्टर म्हणाला. तो वयाने लहान होता आणि उन्हाने त्याचा जीव कासावीस झाला होता. "किती आहेत?"

"मोजून घ्या. तुम्ही शिकलेले."

अंगणातल्या कोंबड्या पकडायला फार वेळ लागला नाही. त्या धनीबाईच्या हाकेला येणाऱ्या होत्या; पांढऱ्या कपड्यांना घाबरून पळाल्या आणि कुंपणाच्या काट्यांत अडकल्या. एकेकीची मान पिरगळून पोत्यात टाकली जात होती. धनीबाईने तोंड फिरवलं नाही. प्रत्येकीकडे तिने शेवटपर्यंत पाहिलं. डॉक्टरने एक कागद लिहून एस्तेरच्या हातात दिला.

"हा जपून ठेवा. भरपाईचा आहे."

"ठेव गं," धनीबाई म्हणाली. "उद्या त्यालाच खुडूक बसवू."

घर तपासायला एक जण पुढे झाला. दाराच्या तुळईवर त्याचं डोकं आपटलं. तिच्या घरात येणारा प्रत्येक परका माणूस तिथे आपटायचा. डोकं चोळत त्याने आत नजर टाकली, पाट्यामागे, बाजेखाली पाहिलं आणि तो बाहेर गेला. धनीबाईने श्वास सोडला.

मग दुसरा आला. तुळई यायच्या एक पाऊल आधी तो वाकला.

आत अंधार होता. उखळाला वळसा घालून तो सरळ मागच्या भिंतीकडे गेला. भरलेल्या कणगीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. नागलीच्या कणगीपुढे धनीबाई पाठ लावून उभी होती. तो थांबला. त्याच्या चष्म्याच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

"तुझी आई जिवंत आहे का रे?" धनीबाईने विचारलं.

 त्याने होकाराची मान हलवली.

"मग तिच्या घरी जा. तिच्या कोंबड्या मार."

तो हलला नाही. बाहेरून डॉक्टरने विचारलं, आत काही आहे का. त्याने उत्तर दिलं नाही. त्याने धनीबाईच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला बाजूला केलं. जोर लावला नाही, तरी ती बाजूला झाली. त्याने गोधडी काढली, सूप काढलं आणि आत वाकून कोंबडीच्या पोटाखाली हात घालून तिला उचललं. कोंबडी ओरडली नाही. मग एकेक अंडं काढून त्याने बादलीत ठेवलं. तिथे उभा असताना तो हुंदका दिल्यासारखा खोकला, किंवा खोकल्यासारखा हुंदका दिला. त्या मास्कमधून कळायला मार्ग नव्हता.

धनीबाई थुंकली. थुंकी काचेवर बसली. त्याने ती पुसली नाही. दारातून जाताना तो पुन्हा वाकला.

संध्याकाळी दानियल आला तो नदीवर आंघोळ करून. केस ओले होते. त्याच्या हातात भाग्येशच्या दुकानाची पिशवी होती. मीठ, तेल, चहापत्ती, साखर. ती त्याने चुलीपाशी ठेवली.

एस्तेरने ताट वाढलं. धनीबाई भिंतीला टेकून बसली होती.

"आज पांढरा माणूस आला होता घरात," ती म्हणाली.

दानियल जेवत राहिला.

"त्याचे हात झडोत, असं मी दिवसभर म्हणतेय."

"आई," एस्तेर म्हणाली.

"तू गप्प बस. जेवू दे त्याला."

दानियलने घास खाली ठेवला.

"कोणीतरी घेतलीच असती."

"दुसऱ्याला सापडली नसती."

"म्हणून तर मी आत आलो," तो म्हणाला. "मला माहीत होतं तू ठेवली असणार. पिलं काढली असतीस, विकली असतीस. कोणी घेतली नसती तर खाल्ली असतीस. तू आणि ही."

"खाल्ली असती. मेले असते. तुझं काय गेलं असतं?"

 दानियलने ताट उचललं आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तिथे तो जेवला की नाही, हे कोणी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून धनीबाईने आपली चूल वेगळी मांडली. ओट्याच्या कोपऱ्यात तीन दगड, एक मडकं. त्या पिशवीला तिने हात लावला नाही. ती अळणी खायची. एस्तेर कधी चोरून तिच्या भाजीत मिठाचा खडा टाकायची. धनीबाईला पहिल्या घासालाच कळायचं आणि ती मडकं कुत्र्यापुढे पालथं करायची. दानियलशी ती बोलत नव्हती. काही सांगायचं झालं तर एस्तेरला सांगायची, तो समोर असला तरी.

"सांग त्याला, सरपण संपलंय."

"सांग त्याला, भरपाई आली तर आपल्या खिशात ठेव म्हणावं."

दानियल सरपण आणायचा. शेड धुवून झालं, चुना मारून झाला, तरी नवीन कोंबड्या आल्या नव्हत्या. तो एका गुऱ्हाळावर कामाला जाऊ लागला. तिथे गुजरातेतून परतलेले मजूर होते, एकाच पातेल्यातून जेवायचे. घरी मात्र तो बाजारातून आणलेली भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, दुधाची पिशवी साबणाने धुवायचा आणि मगच आत घ्यायचा. धनीबाई ओट्यावरून ते पाहायची.

"सांग त्याला, पाणी पण धुऊन घे."

एस्तेरला हसू यायचं. दानियललाही एकदा आलं. धनीबाईला आलं नाही.

ईस्टरच्या नंतरच्या आठवड्यात त्याला ताप भरला. पाचव्या दिवशी श्वास लागला. जीपमध्ये बसताना तो दारातून ओट्याकडे पाहत होता. धनीबाई मडक्याखालचा जाळ सारखा करत होती. जाळ नीटच होता.

नंदुरबारच्या दवाखान्यात कोणाला सोबत राहू देत नव्हते. तो एस्तेरच्या मोबाइलवर फोन करायचा. एस्तेर आवाज मोठा करून मोबाइल ओट्यावर ठेवायची, धनीबाईला ऐकू जावं म्हणून.

"आई आहे का?"

"सांग त्याला, शेतात गेलीय," धनीबाई म्हणाली.

"ऐकू आलं मला." तो बोलत होता ते तुटक, दोन शब्दांनंतर थांबून. "जेवण बरं आहे इथलं. वरण असतं. भात असतो. दुपारी सगळ्यांना उकडलेलं अंडं देतात. डॉक्टर म्हणतात, अंडं खा, ताकद येईल."

"मग खातोस ना, दादा?" एस्तेरने विचारलं.

"खातो."

धनीबाईने हातातली काटकी मोडली. मोबाइलकडे तिने पाहिलं नाही. फेब्रुवारीपासून त्याच्याशी सरळ न बोललेली ती आताही एस्तेरकडेच तोंड करून बोलली.

"विचार त्याला, कोणाच्या कोंबडीचं?"

पलीकडे दानियल हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेना, आणि कोणीतरी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

दानियल बुध्या गावित १९ एप्रिल २०२१ रोजी, सोमवारी सकाळी, त्याच दवाखान्यात वारला. तो एकतीस वर्षांचा होता.