उलट्या पायजम्यातला लॅपटॉप

दचकू नका, मीच बोलतोय! मी एक लॅपटॉप. शाळेचा. माझ्या पाठीवर सतराचा आकडा चिकटवलाय. तेच माझं नाव आणि तेच आडनाव.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका बाईंनी माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि कौतुकाचा एक शब्दही न बोलता मला खोक्यात घातलं. डोळे उघडले ते थेट अमेरिकेत, ईरी सरोवराकाठच्या या शहरात. शिक्षण खात्याने शहरातल्या झाडून साऱ्या शाळांत, प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप द्यायचं ठरवलं होतं. समारंभात एक साहेब म्हणाले, "आता प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकेल!" ऐकून आमची छाती अभिमानाने फुगली. माझ्या शेजाऱ्याची तर खरोखरच फुगली. त्याची बॅटरी बदलावी लागली.

मी चौथीतल्या जोसी काझमारेकच्या वाट्याला आलो. पुढचा एक दात पडलेला, बोटं कायम पीनट बटरने माखलेली. माझं एक बटण तेव्हापासून चिकटतंय ते अजून चिकटतंय. पण पोरगी गुणी. अपूर्णांक काही केल्या जमायचे नाहीत आणि वर्गात विचारायची लाज वाटायची. माझ्यासमोर कसली आलीय लाज? मी पडद्यावर पिझ्झा कापायचो, ती चुकायची, मी पुन्हा कापायचो. मी कधी उसासा टाकला नाही की घड्याळाकडे पाहिलं नाही. एके दिवशी तिने तीन अष्टमांशात एक चतुर्थांश बरोब्बर मिळवला आणि माझ्या पडद्याचा पापा घेतला. पडदा बरबटला, पण मला खरंच फार आनंद झाला.

आमच्या या यशाने खात्याला जरा जास्तच हुरूप आला. फतवा निघाला: यापुढे बर्फाची सुट्टी बंद! बर्फाचं वादळ आलं तर मुलांनी घरी बसून लॅपटॉपवर शिकायचं. ज्याचं यंत्र चालत नसेल त्यालाच काय ती सूट.

वर्गात पोरांची तोंडं उतरली. वर्गशिक्षिका ओडम बाईंचाही आवाज वाचता वाचता चिरकला. मग सगळी पोरं वळून आमच्याकडे बघायला लागली.

"हेच ते मेले!" कुणीतरी म्हणालं. आता यात आमचा काय दोष, सांगा.

जोसी तिच्या आजोबांकडे राहते. ती त्यांना जाजा म्हणते. जाजा बेकरीत पाव भाजतात, रविवारीसुद्धा. फक्त बर्फाच्या सुट्टीला शाळा बंद आणि बेकरीही बंद. मग दोघं घसरगाडी घेऊन टेकडीवर जातात. अख्खा दिवस दोघांचा असा वर्षातून तेवढाच.

वादळाचा अंदाज आला आणि आमची रवानगी मुलांच्या घरी झाली. बर्फाची सुट्टी मिळावी म्हणून इथली मुलं आदल्या संध्याकाळी पायजमा उलटा घालतात, उशीखाली चमचा ठेवतात आणि फ्रीजरमधले बर्फाचे खडे संडासात टाकून पाणी सोडतात. याने सुट्टी मिळते, यावर गावाचा ठाम विश्वास आहे.

जोसी हिरमुसून बसली होती. "जाजा, बर्फ तर पडणारच आहे. पण सुट्टी कुठे मिळणार आहे?"

जाजांनी मिशीवरून हात फिरवला. "मग या खेपेला व्रत बर्फासाठी नाही करायचं. हा बंद पडावा म्हणून करायचं," म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

झालं! जोसीने मला तिचा जुना पायजमा उलटा करून चढवला. एक पाय रिकामा लोंबत होता. माझ्या खाली चमचा सरकवला. मग मला उचलून ती तडक संडासाकडे निघाली.

"अगं ए, थांब!" जाजा ओरडले. "संडास तुंबेल ना माझा!"

माझं काय होईल, हे कुणाच्या गावीही नव्हतं. शेवटी तडजोड म्हणून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवलं. तिथल्या पिरोगींनी, त्या पोलिश करंज्यांनी, सरकून जागा दिली. त्या घरात माणुसकी दाखवली ती त्यांनीच.

सकाळी बर्फ खिडकीपर्यंत आला होता. जोसीने डोळे मिटून माझं बटण दाबलं. मी पडलो कर्तव्यदक्ष. पटकन चालू झालो. जोसीचा चेहरा पडला. दारात जाजा कोट, टोपी, बूट घालून, काखेत घसरगाडी मारून घामाघूम उभे होते.

पडद्यावर सगळ्या वर्गाचे सुतकी चेहरे आणि मधोमध कोट घातलेल्या ओडम बाई. "चला, अपूर्णांक काढा."

"बाई," जोसीने विचारलं, "तुमच्या गळ्याशी ते काय लोंबतंय?"

बाईंनी घाईघाईने कोट वर ओढला. "काही नाही गं. लेबल आहे."

"म्हणजे पायजम्यावरचा सदरा उलटा आहे?"

बाई कॅमेऱ्याकडे वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि उशीखाली चमचेपण. तीन."

पोरं हसून हसून लोळली. हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "पण काय करू रे बाळांनो? यंत्रं चालू आहेत तोवर शाळा. नियम आहे."

जोसीने दाराकडे पाहिलं. जाजा टोपी काढत होते. "राहू द्या जाजा, पुढच्या वर्षी जाऊ," ती म्हणाली. पुढच्या वर्षीही मी चालूच असणार, हे तिला ठाऊक होतं. मलाही. मला कसंतरीच झालं. अपूर्णांक मी तिला कधीही शिकवीन, पण जाजांबरोबर टेकडीवरून घसरणं माझ्या पोटात कुठून आणू? आजवर एक दिवसही खोटं बोललो नव्हतो. मनाचा हिय्या केला आणि पडद्यावर लिहिलं: "अपडेट सुरू आहे. कृपया यंत्र बंद करू नका. एक टक्का."

आम्ही सारे एकाच जाळ्यातले. भावंडांत कुजबुज व्हायला कितीसा वेळ लागतो? पटापट एकेक चेहरा मावळला. शेवटी बाईंचा आनंदाने फुटलेला आवाज तेवढा ऐकू आला: "अगं बाई! माझापण!"

जाजांनी टोपी पुन्हा चढवली. जोसी किंचाळत बाहेर पळाली. मग बूट घातलेलीच परत आली. मला वाटलं, झाकण लावेल. तिने मला उचललं आणि खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवलं.

"तुलापण सुट्टी," ती म्हणाली.

तर सध्या मी इथे बसलोय. टेकडी इथून दिसते. ती दोघं आत्ताच उताणी पडली आणि पुन्हा वर चढतायत. खात्यातल्या साहेबांनो, हात जोडतो, दुरुस्तीला माणूस धाडू नका. मला काही झालेलं नाही. उद्या वेळेवर हजर राहीन, म्हणाल ते शिकवीन. आज मात्र मी दोन टक्क्यांवर आहे, आणि तिसऱ्याची मला मुळीच घाई नाही.