आठ मायक्रोसेकंद मागे

मी एक जुने अणुघड्याळ आहे. मित्रांनो, वेधशाळा पाहायला येता तेव्हा जिन्याखालच्या ज्या करड्या पेटीवर तुम्ही दप्तरे टेकवता, ती पेटी म्हणजे मी.

अकरा वर्षे मी तळघरातल्या बंद खोलीत काम केले. वर आमची रेडिओ दुर्बीण होती. दूरच्या आकाशगंगेच्या मध्यावरचे महाकाय कृष्णविवर आणि त्याच्याजवळून सुटणारे झोत टिपायला एक दुर्बीण पुरत नाही. अनेक देशांतल्या दुर्बिणी एकाच वेळी तिकडे पाहतात, आपापल्या घड्याळाच्या वेळेसह नोंदी डिस्कवर भरतात. मग डिस्क जुळणी केंद्रात जातात आणि तिथे त्या नोंदी एकमेकींवर बसवतात. वेळ चुकली की नोंद फुकट.

माझी वेळ तंत्रज्ञ ताई सांभाळत. रोज सकाळी दहाला मला उपग्रहाच्या वेळेशी ताडून त्या वहीत लिहीत, "आठ मायक्रोसेकंद मागे." रोज तोच आकडा, कधी कमी नाही की जास्त नाही. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. जाताना म्हणत, "शहाणं आहे माझं. घरात एक माणूस असं वागत नाही."

मोठ्या निरीक्षणानंतर केंद्राला पाठवायचा घड्याळाच्या फरकाचा तक्ता संचालक साहेबांनी भरला, कारण ताई सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. साहेबांनी वही न उघडता, ऐकून माहीत असलेल्या आठच्या आधी वजाच्या जागी अधिक लिहिले. मी मागे नाही, पुढे आहे असे ठरले. केंद्रात आमची नोंद कशाशीच जुळेना.

"घड्याळ म्हातारं झालंय," साहेब म्हणाले.

"घड्याळ ठीक आहे, साहेब. तुमचा तक्ता एकदा दाखवता का?"

"त्या डब्यात जीव अडकलाय ताई तुमचा! आपल्या डिस्क पुसायला सांगितल्यात मी. पुढच्या निरीक्षणाला लागतील."

ताईंनी केंद्राकडून तक्त्याची प्रत मागवली. ती चार दिवसांनी आली. तोवर डिस्क कोऱ्या झाल्या होत्या. चिन्ह बदलून पुन्हा जुळवायला काही उरले नव्हते. प्रत पाहून साहेब म्हणाले, "बरं, झालं ते झालं." अहवालात मात्र 'घड्याळात बिघाड' हेच राहिले, आणि खाली देखभालीसाठी ताईंचे नाव. त्यांची बदली भांडारात झाली, माझी जिन्याखाली.

बाकीच्यांच्या नोंदींतून चित्र तयार झाले. ते माझ्यासमोरच्या भिंतीवर आहे. एका बाजूला झळझळीत झोत, दुसऱ्या बाजूला काळोख. परवा तुमच्यातल्याच एका मुलीने विचारले, "या बाजूला काय आहे?"

"काही नाही," साहेब म्हणाले.

मित्रांनो, कुणाला बिघडलेले ठरवण्याआधी आपण स्वतः काय लिहिले ते वाचा, आणि वाचून होईपर्यंत काही पुसू नका. त्या बाजूला काही आहे की नाही, हे साहेबांना माहीत नाही. जी नोंद ते सांगू शकली असती, ती त्यांनीच पुसायला लावली.